आधी हक्क, मग शिक्का : सामूहिक वनांचे प्रमाणीकरण आणि सीमाभाग



बेळगाव-निपाणीच्या या पट्ट्याला मालाच्या भावाचे राजकारण नव्याने शिकवण्याची गरज नाही. १९८१ साली निपाणी परिसरातील तंबाखू उत्पादकांनी शरद जोशी यांच्या नेतृत्वाखाली पुणे-बेंगळुरू महामार्गावर ठाण मांडले आणि ६ एप्रिल रोजी झालेल्या गोळीबारात १२ शेतकऱ्यांचा बळी गेला, तेव्हा बिडीत भरल्या जाणाऱ्या तंबाखूला काय भाव मिळावा, हा प्रश्न साऱ्या देशासमोर उभा राहिला. वखारींत राबणाऱ्या आणि घरोघरी बिड्या वळणाऱ्या स्त्रियांच्या मजुरीचा प्रश्नही त्याच काळात याच शहरातून पुढे आला. परंतु बिडीला तंबाखूइतकेच पानही लागते. तेंदूचे ते पान प्रामुख्याने मध्य भारतातील वनांतून येते. ते कोण तोडतो, ते तोडताना झुडपाचे आणि वनाचे काय होते, आणि त्याच्या किमतीतील किती वाटा वनाशेजारी राहणाऱ्या माणसाच्या पदरात पडतो, हे प्रश्न मात्र तितक्या तीव्रतेने विचारले गेले नाहीत. शेतातून आलेल्या मालाला गाव असते, शेतकरी असतो, निदान अडत दुकानातील पावतीवर नाव तरी असते. वनातून आलेल्या मालाला यांपैकी काहीच का नसावे?

या प्रश्नाला जगभरात दिले जाणारे एक उत्तर म्हणजे शाश्वततेचे प्रमाणीकरण. आजच्या व्याख्यानात या उत्तराची तपासणी करावयाची आहे आणि ती चार टप्प्यांनी करणे सोयीचे ठरेल. प्रमाणीकरण म्हणजे नेमके काय आणि सामूहिक वन कशाला म्हणावे, हा पहिला टप्पा. गावसमाजांना त्यातून कोणत्या संधी मिळतात, हा दुसरा. त्या संधींच्या आड कोणत्या अडचणी उभ्या आहेत, हा तिसरा. आणि सह्याद्रीच्या या कुशीतील गावांनी कोणता क्रम धरावा, हा चौथा.

प्रमाणीकरण म्हणजे त्रयस्थाने दिलेली लेखी ग्वाही. वनातून आज घेतले जाणारे उत्पन्न उद्याही घेता येईल अशा बेताने घेतले जात आहे, त्यामुळे पाण्याला आणि वन्यजीवांना बाधा पोहोचत नाही, आणि त्या वनावर जगणाऱ्या माणसांचे हक्क डावलले जात नाहीत, अशी ही ग्वाही असते. तिचे तीन घटक आहेत. पहिला घटक मानकाचा, म्हणजे चांगल्या व्यवस्थापनाचे निकष आधी लिहून ठेवण्याचा. दुसरा परीक्षणाचा, म्हणजे ते निकष पाळले जातात की नाही हे बाहेरच्या परीक्षकाने वनात आणि दप्तरात येऊन पाहण्याचा. आणि तिसरा नोंदसाखळीचा, म्हणजे वनातून निघालेला माल दुकानापर्यंत पोहोचेतो दुसऱ्या मालात मिसळला गेला नाही, याचा प्रत्येक टप्प्यावरील कागद ठेवण्याचा. हे तिन्ही घटक जुळले तर वस्तूवर शिक्का उमटतो, आणि तो शिक्का साधारणपणे पाच वर्षांसाठी असून दरवर्षीच्या फेरतपासणीवर टिकून राहतो.

या पद्धतीचा जन्म सरकारांच्या अपयशातून झाला. १९९२ च्या रिओ परिषदेत वनांविषयी बंधनकारक करार होऊ शकला नाही. तेव्हा पर्यावरण संघटना, लाकडाचे व्यापारी आणि वनवासी समाजांचे प्रतिनिधी यांनी एकत्र येऊन १९९३ साली फॉरेस्ट स्ट्युअर्डशिप कौन्सिल ही संस्था उभी केली. पुढे १९९९ साली युरोपातील लहान वनमालकांच्या पुढाकाराने पीईएफसी ही दुसरी व्यवस्था आली. भारतात केंद्रीय पर्यावरण, वन आणि हवामान बदल मंत्रालयाने डिसेंबर २०२३ मध्ये भारतीय वन आणि काष्ठ प्रमाणीकरण योजना जाहीर केली. भोपाळची भारतीय वन व्यवस्थापन संस्था ती चालवते, आणि तिचे मानक राष्ट्रीय कार्य आयोजना संहिता २०२३ शी बांधलेले असून त्यात ८ निकष, ६९ निर्देशक आणि २५४ पडताळणीचे मुद्दे आहेत. हे २५४ मुद्दे श्रोत्यांनी लक्षात ठेवावेत, कारण एखाद्या वाडीच्या ग्रामसभेने त्यांना सामोरे जावयाचे म्हणजे काय, याचा विचार पुढे करावा लागणार आहे.

आता सामूहिक वन. या एका नावाखाली दोन अगदी वेगळ्या व्यवस्था वावरतात, आणि त्यांची गल्लत झाली की पुढचे सारे विवेचन बिघडते. पहिली व्यवस्था सहभागाची. कर्नाटकात १९९३ पासून संयुक्त वनयोजना आणि व्यवस्थापन या धोरणाखाली ग्राम अरण्य समित्या स्थापन झाल्या. त्यांत जमीन आणि अंतिम निर्णय वनखात्याकडे राहतो, आणि गावाला राखणीच्या बदल्यात उत्पन्नाचा ठरावीक हिस्सा मिळतो. दुसरी व्यवस्था हक्काची. २००६ च्या वनहक्क कायद्याने गावाच्या पारंपरिक हद्दीतील वनाचे संरक्षण, पुनरुज्जीवन आणि व्यवस्थापन करण्याचा सामूहिक वनहक्क ग्रामसभेला दिला, आणि बांबू, तेंदूपाने, मध, मेण, लाख, औषधी वनस्पती यांसारख्या गौण वनोपजाची मालकीही तिच्याकडे सोपवली. एका व्यवस्थेत गाव मदतनीस आहे, दुसऱ्या व्यवस्थेत गाव व्यवस्थापक आहे. प्रमाणपत्र ज्याच्या नावावर निघावयाचे, तो व्यवस्थापकच असावा लागतो. मग मदतनिसाच्या नावावर ते कसे निघणार?

या भागाला गावाने वन सांभाळण्याची कल्पना परकी नाही, हेही येथे सांगितले पाहिजे. बेळगाव, धारवाड आणि उत्तर कन्नड हे जिल्हे १९५६ पर्यंत मुंबई राज्यात होते, आणि त्या कारभाराच्या काळातच कुमठा तालुक्यातील हळकार येथे ग्रामवन पंचायत स्थापन झाली. राखणदाराचा पगार गावाने वर्गणीतून भागवावा, सरपणाचे वाटप गावाने ठरवावे आणि नियम मोडणाऱ्याला दंडही गावाने करावा, अशी ती रीत होती. सह्याद्रीच्या माथ्यावरील देवरायांमागेही हीच शिस्त आहे. म्हणजे मानक होते, तपासणी होती, दंडही होता. बाहेरच्या बाजाराला दाखवता येईल असा कागद तेवढा नव्हता.

आता संधींकडे वळावे. पहिली संधी भावाची आणि ओळखीची. तिचे सर्वांत बोलके उदाहरण दूर नाही; ते रत्नागिरी जिल्ह्यात संगमेश्वरच्या डोंगरांत आहे. पुण्याच्या अप्लाइड एन्व्हायर्न्मेंटल रिसर्च फाउंडेशन या संस्थेने तेथे बेहड्याच्या आणि भीमाशंकर परिसरात हिरड्याच्या फळांसाठी फेअरवाइल्ड या मानकाचे प्रमाणीकरण गावकऱ्यांच्या साहाय्याने उभे केले. फेअरवाइल्ड हे मानक केवळ रानातून गोळा होणाऱ्या वनस्पतींसाठी असून त्यात वनस्पतीची निगा आणि गोळा करणाऱ्याचा न्याय्य मोबदला या दोन्ही गोष्टी एकत्र पाहिल्या जातात. खरेदीदाराने मालाच्या भावाखेरीज गावाच्या सामाईक निधीसाठी वेगळी रक्कम द्यावी, ही त्यातील अट आहे. ब्रिटनमधील पुक्का हर्ब्ज या वनौषधींच्या चहाच्या कंपनीने हा माल घेतला. जुन्या, प्रचंड बेहड्यांच्या ढोलीत महाधनेश घरटे करतो, आणि हेच वृक्ष कवडीमोल लाकडासाठी तोडले जात होते. फळाला भाव आल्यावर उभ्या झाडाची किंमत पडलेल्या झाडापेक्षा वाढली. फळांचा काही भाग झाडावर आणि झाडाखाली वन्यजीवांसाठी सोडावयाचा, कोवळी फांदी मोडावयाची नाही, माल नीट वाळवूनच द्यावयाचा, हे नियम केवळ उपदेशाचे न राहता व्यवहाराचे झाले.

दुसरी संधी नोंदीची. वनातून काय, किती आणि केव्हा निघाले याची नोंद गावाच्या वहीत राहू लागली की गावाला आपल्याच वनाचे भान नव्याने येते, आणि व्यापाऱ्याशी बोलताना हातात आकडे असतात. चामराजनगर जिल्ह्यातील बिळिगिरीरंगनबेट्टावरील सोलिग समाज आवळा आणि मध यांच्या उत्पन्नाची पाहणी संशोधकांच्या सोबतीने दीर्घकाळ करीत आला, आणि २०११ साली व्याघ्र प्रकल्पाच्या हद्दीत असूनही त्यांच्या ग्रामसभांना सामूहिक वनहक्क मिळाले. अभयारण्य आले म्हणजे हक्क संपले, असा समज बेळगाव जिल्ह्यातील खानापूर तालुक्याच्या गावांत खोलवर रुजलेला असल्याने हे उदाहरण येथे फार मोलाचे आहे. त्याच तालुक्यातील भीमगड अभयारण्य २०११ साली जाहीर झाले. त्या वनातील वाड्यांचे भवितव्य ठरवताना कायद्याने दिलेले हक्क आधी मोजले पाहिजेत, कारण अभयारण्यातही वनहक्क कायदा लागू आहे.

तिसरी संधी राजकीय प्रतिष्ठेची. मध्य अमेरिकेतील ग्वाटेमाला देशात १९९० साली माया संरक्षित जीवावरण क्षेत्र निर्माण झाले आणि त्याच्या एका भागात गावसमाजांना वन चालवण्याचे दीर्घ मुदतीचे करार मिळाले. करारानंतर तीन वर्षांच्या आत फॉरेस्ट स्ट्युअर्डशिप कौन्सिलचे प्रमाणपत्र मिळवणे त्यांना बंधनकारक होते. महोगनीचे लाकूड, चिकल नावाचा डिंक आणि शाते नावाच्या ताडाची पाने यांवर ही गावे जगतात. त्यांतील ज्या गावांनी करार नेटाने पाळले, त्यांच्या हद्दीतील वनतोड शेजारच्या काही राष्ट्रीय उद्यानांतील वनतोडीपेक्षाही कमी राहिली. गाव वन राखू शकत नाही, हा जो आक्षेप जगभर घेतला जातो, त्याला यापेक्षा स्पष्ट उत्तर कोणते असू शकेल? प्रमाणपत्राने त्या गावांना बाजारात भाव दिला, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे सरकारदरबारी बोलण्यासाठी पुरावा दिला.

चौथी संधी अजून उंबरठ्यावर आहे. वनातून निघणाऱ्या वस्तूखेरीज वनाच्या सेवेचेही, म्हणजे पाणी, कार्बन आणि जैवविविधता यांचेही, प्रमाणीकरण होऊ लागले असून फॉरेस्ट स्ट्युअर्डशिप कौन्सिलने त्यासाठी २०१८ पासून स्वतंत्र पद्धत ठरवली आहे. मलप्रभा नदी खानापूर तालुक्यात कणकुंबीला उगम पावते आणि सौंदत्तीजवळील नवीलतीर्थच्या धरणातून तिचे पाणी हुबळी-धारवाडपर्यंत जाते. म्हादई याच तालुक्यातून गोव्याकडे उतरते. या पाण्याच्या वाटपावर राज्याराज्यांत दावे चालतात, परंतु ज्या वनामुळे ते पाणी टिकते त्या वनाशेजारच्या गावाला या हिशेबात स्थान नाही. ते स्थान मिळवून देण्याचे साधन म्हणून प्रमाणीकरणाकडे पाहता येईल.

येथवर संधींचे चित्र उजळ आहे. आता अडचणींकडे वळावयाचे, आणि तेथे रेंगाळावे लागणार आहे.

पहिली अडचण हक्काची. प्रमाणीकरणाच्या प्रत्येक मानकात पहिल्याच काही निकषांत विचारले जाते की या वनावर व्यवस्थापकाचा कायदेशीर अधिकार आहे काय. संगमेश्वरचा प्रयोग उभा राहू शकला, यामागे एक महत्त्वाचे कारण असे की रत्नागिरी जिल्ह्यातील बरेचसे वन खासगी मालकीचे आहे. झाड कोणाचे, याविषयी वाद नव्हता. खानापूर तालुक्यात परिस्थिती उलटी आहे. तेथील बहुतेक वन शासनाच्या नावावर आहे, आणि कुणबी व गवळी-धनगर यांसारख्या समाजांचा कर्नाटकातील अनुसूचित जमातींच्या यादीत समावेश नसल्याने त्यांना इतर पारंपरिक वननिवासी म्हणून दावा करावा लागतो. म्हणजेच १३ डिसेंबर २००५ पूर्वीच्या तीन पिढ्यांचे, ७५ वर्षांचे, वास्तव्य सिद्ध करावे लागते. पिढ्यान्पिढ्या रानात राहिलेल्या कुटुंबाने ७५ वर्षांपूर्वीचा कागद आणावयाचा कोठून? कायद्याच्या नियमांत याचे उत्तर आहे, परंतु ते गावापर्यंत पोहोचलेले नाही. वडीलधाऱ्या माणसांचे लेखी जबाब, जुन्या विहिरी, देवस्थाने, दफनभूमी, जनगणना, जमीन सर्वेक्षण आणि गॅझेटियर यांनाही पुरावा म्हणून मान्यता आहे. आणि मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा बेळगाववरील २१ वा खंड १८८४ सालापासून ग्रंथालयांत उपलब्ध आहे. हक्काचा निकाल लागण्याआधी अशा गावाला प्रमाणपत्राचे आमिष दाखवणे हे उताऱ्यावर नाव नसलेल्या शेतकऱ्याला पीककर्जाच्या रांगेत उभे करण्यासारखे आहे.

दुसरी अडचण खर्चाची आणि सातत्याची. परीक्षक येतो तेव्हा त्याचा प्रवास, त्याचे दिवस, त्याचा अहवाल आणि संस्थेचे शुल्क हा खर्च वन लहान असले म्हणून त्या प्रमाणात लहान होत नाही. दहा हजार हेक्टरच्या मालकाला तो जाणवत नाही, दोनशे हेक्टरच्या वाडीला मात्र तो पेलत नाही. जगातील प्रमाणित वनांचा मोठा भाग युरोप आणि उत्तर अमेरिकेत असावा, याचे हे एक प्रमुख कारण आहे. नेपाळमध्ये २००५ साली दोलखा आणि बझांग या जिल्ह्यांतील सामुदायिक वनांना गट पद्धतीने, म्हणजे अनेक गावांनी मिळून एकच प्रमाणपत्र घेण्याच्या रीतीने, ते मिळाले; परंतु त्या प्रयत्नाला बाहेरच्या संस्थांचा मोठा आधार लागला. भारतातील अनुभव अधिकच विचार करायला लावणारा आहे. गडचिरोली जिल्ह्यातील भामरागड वनविभागाला देशात प्रथम फॉरेस्ट स्ट्युअर्डशिप कौन्सिलचे वनव्यवस्थापनाचे प्रमाणपत्र मिळाले. पुढे मध्य प्रदेश, उत्तराखंड आणि त्रिपुरा येथेही काही प्रमाणपत्रे मिळाली, आणि मुदतीनंतर ती सारी संपुष्टात आली. ज्या कामामागे पगारी कर्मचारी, वाहने आणि शासकीय अंदाजपत्रक होते, तेथेही जर प्रमाणपत्र टिकले नाही, तर ग्रामसभेच्या तुटपुंज्या निधीवर ते कसे टिकेल? प्रमाणपत्र मिळवणे हा समारंभ असतो. ते टिकवणे हा संसार असतो, आणि संसाराची तरतूद आधी करावी लागते.

तिसरी अडचण ज्ञानाची. मानक कोणाच्या ज्ञानावर लिहिले जाते? या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी खानापूरच्या वेशीवरील दांडेलीकडे पाहावे. १९५० च्या दशकाच्या अखेरीस तेथील कागद गिरणीला बांबू टनाला दीड रुपया अशा नाममात्र दराने मिळू लागला, आणि हा पुरवठा अखंड टिकेल असे त्या काळच्या वनशास्त्राने हिशेब मांडून सांगितले होते. काही वर्षांतच बांबू आटू लागला. पुढे शास्त्रज्ञ माधव गाडगीळ यांनी केलेल्या अभ्यासात असे दिसून आले की बांबूच्या बेटाभोवतालची काटेरी गुंतवळ काढून टाकल्याने कोवळे कोंब गुरांच्या आणि वन्यप्राण्यांच्या तोंडी पडत होते. बेट मोकळे केले की वाढ चांगली होते, असे वनखात्याचे मानक सांगत होते. काटे राहू द्यावेत, असे गावकऱ्यांचे ज्ञान सांगत होते. पुरावा गावकऱ्यांच्या बाजूने निघाला. तेव्हा ‘शाश्वत’ हा शेरा मारणाऱ्या पद्धतीतच चूक असू शकते, आणि ती चूक पकडणारा माणूस बहुधा रानाजवळ राहणारा असतो. २५४ मुद्द्यांच्या यादीत त्या माणसाच्या ज्ञानाला जागा कोठे आहे, हे विचारण्याचा अधिकार प्रत्येक ग्रामसभेला असला पाहिजे. ती यादी त्याला कळेल अशा कन्नडमध्ये आणि मराठीत मिळावी, ही तर किमान अपेक्षा झाली.

चौथी अडचण बाजाराची. जगातील बहुतेक शिक्के लाकडाभोवती वाढले, आणि भारतातील ग्रामसभेचा हक्क मात्र लाकूड सोडून इतर वनोपजावर आहे. शिवाय शिक्क्यासाठी जास्तीचे पैसे मोजणारा ग्राहक बहुतांशी परदेशात आहे. लाकूड, रबर, कॉफी यांसारख्या वस्तूंसाठी युरोपीय संघाने २०२३ साली वनतोडविरोधी नियमावली केली, आणि तिची अंमलबजावणी लांबत गेली तरी पुढील काळाची दिशा तिने दाखवून दिली आहे. परंतु कोकम, शिकेकाई, हिरडा, मध आणि वेत यांचा ग्राहक येथेच, बेळगावच्या बाजारात, आहे. येथे दुकानात कोकम घेताना ते कोणत्या रानातले, असे कोण विचारतो? मागणी नसलेल्या शिक्क्याचा खर्च अखेर गोळा करणाऱ्याच्याच मजुरीतून वसूल होतो.

या अडचणींच्या पार्श्वभूमीवर दोन गावांची नावे आदराने घेतली पाहिजेत, कारण त्यांनी कोणताही शिक्का नसताना स्वतःचे मानक स्वतः लिहिले. गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा-लेखा या गोंड गावाला २००९ साली सुमारे १,८०० हेक्टर वनावर सामूहिक हक्क मिळाला. परंतु हक्क कागदावर असूनही बांबू विकण्याचा वाहतूक परवाना ग्रामसभेला मिळावा यासाठी गावाला झगडावे लागले, आणि २७ एप्रिल २०११ रोजी तत्कालीन केंद्रीय मंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण यांच्या उपस्थितीत परवान्यांचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती आले. देवाजी तोफा यांच्यासारखे कार्यकर्ते, सर्वसहमतीने निर्णय घेण्याची रीत आणि गावाचा अभ्यास गट यांमुळे तो व्यवहार गावाच्या देखरेखीखाली चालला. दुसरे गाव चंद्रपूर जिल्ह्यातील पाचगाव. सामूहिक हक्क मिळाल्यावर तेथील ग्रामसभेने बांबूचा व्यवसाय हाती घेतला आणि तेंदूपाने तोडणे बंद केले, कारण पानांसाठी झुडपे छाटली जातात, कोवळा पाला यावा म्हणून वणवे लावले जातात आणि त्या पानातून तयार होणारी वस्तू माणसाच्या आरोग्याला घातक असते. हमखास रोख उत्पन्न देणारा माल एका लहान गावाने आपणहून सोडला. जगातील कोणत्या परीक्षकाने ही अट घातली होती? कोणत्याही नाही.

निपाणीच्या दृष्टीने पाचगावचा निर्णय विशेष अर्थपूर्ण आहे, कारण बिडीवर येथील हजारो घरांच्या चुली चालत आल्या आहेत. वनातील गावाने पान नाकारले तर शहरातील बिडी वळणारीचे काय, हा प्रश्न खरा आहे, आणि शाश्वततेची चर्चा त्याला वगळून पुढे जाऊ शकत नाही. वन, पान तोडणारा आणि बिडी वळणारी या एकाच साखळीच्या तीन कड्या आहेत. या साखळीत सर्वांत कमी मिळते ते याच तिघांना. नोंदसाखळी मालापुरती न राहता माणसांपर्यंत पोहोचली, तरच तिला न्यायाचे साधन म्हणता येईल.

मग क्रम कोणता असावा? पहिली पायरी हक्काची. खानापूर तालुक्यातील गावांचे सामूहिक दावे पूर्ण करून ते निकाली निघावेत, आणि त्यासाठी गॅझेटियर, वडीलधाऱ्यांचे जबाब आणि नकाशे गोळा करण्यास शहरातील महाविद्यालयांनी व वाचनालयांनी हात द्यावा. दुसरी पायरी आराखड्याची. कायद्याच्या नियमांनुसार ग्रामसभेची समिती वनाच्या संरक्षणाचा आणि व्यवस्थापनाचा आराखडा करते. तो सोप्या भाषेत असावा, कोणते झाड किती तोडावे आणि कोणते मुळीच तोडू नये हे त्यात असावे, आणि दरवर्षी ग्रामसभेपुढे त्याचे वाचन व्हावे. तिसरी पायरी संघाची. एकट्या गावाला न पेलणारा खर्च दहा-पंधरा गावांच्या संघाला पेलतो. माल वाळवण्याची जागा, वजनकाटा, साठवण आणि दप्तर सामाईक होते.

चौथी पायरी परस्पर तपासणीची. सेंद्रिय शेतीत सहभागी हमी नावाची जी पद्धत रूढ आहे, तीत शेजारचे शेतकरीच एकमेकांची शेते तपासतात आणि गटाच्या नावाने हमी देतात. ती वनोपजाला लावता येईल. एका गावाच्या समितीने दुसऱ्या गावाचे वन पाहावे, त्रुटी वहीत लिहाव्यात आणि वर्षाने पुन्हा येऊन त्या दूर झाल्या की नाही ते पाहावे. या रीतीने तयार झालेले गाव पुढे हवे तेव्हा फेअरवाइल्ड, राष्ट्रीय सेंद्रिय कार्यक्रमातील वन्य संकलनाची नोंदणी किंवा २०२३ ची भारतीय योजना यांपैकी योग्य ती निवडू शकेल. पाचवी पायरी स्थानिक मागणीची. पारंपरिक औषधांवर संशोधन करणारी भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची राष्ट्रीय संस्था बेळगावातच आहे, आयुर्वेद महाविद्यालये येथे आहेत, वनौषधींची दुकाने येथे आहेत. या संस्थांनी हिरडा-बेहडा घेताना गावाचे नाव विचारण्यास आरंभ केला, तर परदेशी ग्राहकाची वाट पाहावी लागणार नाही.

श्रोतेहो, येथे समारोपाकडे यावे. प्रमाणीकरणातून भाव, नोंद, प्रतिष्ठा आणि वनसेवांचा मोबदला या चार संधी मिळतात. हक्क, खर्च, ज्ञान आणि बाजार या चार अडचणी त्यांच्या आड येतात. या चारही अडचणींचे मूळ शोधले तर ते एकाच ठिकाणी सापडते: निर्णय घेणारा आणि वनाजवळ राहणारा हे दोघे वेगळे आहेत. ते एक झाले तर प्रमाणपत्र गावाच्या हातातील हत्यार होते. ते वेगळेच राहिले तर तेच प्रमाणपत्र गावावर देखरेख करण्याचे आणखी एक दप्तर होते. म्हणून हक्काआधी आलेला शिक्का नाकारावा आणि हक्कानंतर आलेला शिक्का पारखून घ्यावा.

या सभागृहातील प्रत्येकाला करता येण्यासारखे एक काम आहे. जे शिक्षक आहेत, वकील आहेत, ग्रंथपाल आहेत, निवृत्त महसूल कर्मचारी आहेत, त्यांनी खानापूरच्या एका तरी गावाचा सामूहिक वनहक्काचा दावा तयार करण्यास मदत करावी. आणि जे ग्राहक आहेत, म्हणजे अर्थातच सर्वांनी, रानातून आलेली वस्तू विकत घेताना ती कोणत्या गावची आणि गोळा करणाऱ्याला काय मिळाले, हे दोन प्रश्न दुकानदाराला विचारावेत. १९८१ साली या भूमीने शेतमालाच्या भावाचा प्रश्न देशाला विचारला होता. वनोपजाच्या भावाचा आणि वनाच्या हक्काचा प्रश्न विचारण्याची जबाबदारीही या भूमीने घ्यावी, अशी सर्वांना कळकळीची विनंती आहे.